पूल, लांबी पंचवीस मीटर

शिक्केबाईंना शिक्केबाई हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने उगाच नव्हतं ठेवलं. नगरपालिकेच्या कचेरीत सात शिक्के होते आणि सातही बाईंच्या टेबलाच्या वरच्या खणात. कागद कितीही मोठ्या माणसाचा असो, बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय त्यावर शिक्का उमटत नसे. लोक खिडकीपाशी पाय बदलत उभे राहायचे. कुणी वैतागून म्हणायचं, "बाई, एवढं काय वाचताय, साधा घरपट्टीचा अर्ज आहे." त्यावर बाई मान वर न करता म्हणायच्या, "साधा आहे, तर त्यात सात चुका कशा?" एकोणतीस वर्षांत आपल्या हातून एकही चुकीचा कागद बाहेर गेला नाही, असं त्या सांगत. जरा जास्तच वेळा सांगत. म्हणून तर त्यांची चूक झाली तेव्हा गावाला इतका आनंद झाला.

पण आधी खाणीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

डोंगराच्या पोटात तांबं आहे हे आजोबा-पणजोबांच्या काळापासून माहीत होतं, पण ते काढणं परवडत नव्हतं. मग कुठेतरी दूर, जगाच्या बाजारात, तांब्याचा भाव चढला. असा चढला की उतरायचं नाव घेईना. दीड वर्षात गाव ओळखू येईनासं झालं. दिवसाला चारशे ट्रक. ज्याच्या घरात दोन खोल्या होत्या तो एकीत राहून दुसरी भाड्याने देऊ लागला, ज्याच्याकडे एकच होती त्याने मागच्या बाजूला पत्रे ठोकले. शिंप्याने शिवणयंत्र विकून टायरचं दुकान काढलं. न्हाव्याने भाव दुप्पट केला आणि वर ऐकवलं, खाणवाले देतात, तुम्हाला नसेल परवडत तर वाढवा दाढी. पैसा गावातून वाहत होता हे खरं, पण गावात थांबत नव्हता. रस्त्यांना खड्डे, नळाला गढूळ पाणी, आणि धूळ एवढी की दोरीवर वाळत घातलेले कपडे धुतले होते की नाही, अशी शंका यावी.

आणि पूल पडला होता.

गावाच्या मधून ओढा जातो. अलीकडे बाजार, कचेरी, दवाखाना. पलीकडे जुनी वस्ती, दीडशे घरं आणि खेळाचं मैदान. मधे एक दगडी पूल होता, अरुंद, म्हातारा. वजनकाटा चुकवायला खाणीचे ट्रक गुपचूप त्याच्यावरून जायला लागले. पुलाने बिचाऱ्याने तीन महिने सोसलं, आणि एका सकाळी त्याची मधली कमान ओढ्यात बसली. नशिबाने कुणाला खरचटलंही नाही. ओढा म्हणायचा, पण खाणीतलं उपसलेलं पाणी त्यात सोडायला लागल्यापासून बारा महिने पुरुषभर पाणी. त्यामुळे पलीकडच्यांना अलीकडे यायचं तर खाणीच्या रस्त्याने अकरा किलोमीटरचा वळसा, तोही ट्रकांच्या रांगेत. घराच्या पायरीवर बसून समोरची दवाखान्याची पाटी वाचता यायची, आणि तिथे पोचायला दीड तास. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो असा.

खाण कंपनी म्हणाली, पूल पालिकेचा. पालिका म्हणाली, पाडला कंपनीने. या टोलवाटोलवीत आठ महिने गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यावर दोन महिने व्याज.

पलीकडच्या त्या दीडशे घरांत एक घर ताईचं होतं. ताई म्हणजे शिक्केबाईंची सख्खी मोठी बहीण. ताईचे यजमान जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. शिक्केबाईंनी लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," असं त्या म्हणायच्या. "एकेका स्थळात चुका सापडल्या असतील," असं ताई म्हणायची. गेली वीस-बावीस वर्षं रोज साडेपाचला कचेरी सुटली की शिक्केबाई पूल ओलांडून ताईकडे जायच्या. चहा व्हायचा आणि भांडण व्हायचं. साखर किती, खिडकी उघडी ठेवायची की बंद, आईचं खरं प्रेम कुणावर होतं, विषय कुठलाही चालायचा. सातला घरी परतताना शिक्केबाईंचा चेहरा देवळातून आल्यासारखा शांत असायचा.

पूल पडल्यापासून हे बंद. ताईला फोनवर जरा कमी ऐकू यायचं, तेव्हा दोघी साडेपाचला आपापल्या काठावर उभ्या राहून ओरडून बोलायच्या. मधे पंचवीस मीटर पाणी. त्यामुळे ताईच्या गुडघ्याला कुठलं तेल लावलं आणि शिक्केबाईंना वरच्या मजल्यावरचा भाडेकरू का आवडत नाही, हे दोन्हीकडच्या गावाला तपशीलवार कळायचं. कधीकधी लोक मधेच आपलं मतही द्यायचे.

एका संध्याकाळी ताई पलीकडून ओरडली, "जागावाला आला होता."

जागावाला म्हणजे खाण कंपनीचा माणूस. पलीकडची घरं विकत घेऊन तिथे कामगारांसाठी इमारती बांधायच्या, असं कंपनीच्या मनात होतं. भाव चांगला देत होते. वीस-पंचवीस घरं गेलीही होती.

"मग?" शिक्केबाई ओरडल्या.

"मग काय? मुलगा म्हणतो, ये इकडे. दवाखान्याला दीड तास लागतो ग. मी वर्षअखेरपर्यंत वाट बघेन. पुलाचं काही झालं तर ठीक, नाहीतर घर देऊन टाकते आणि जाते."

शिक्केबाईंना काही बोलताच आलं नाही. ताईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने तेच पुन्हा, जास्त मोठ्याने सांगितलं. दोनदा ऐकावं लागलं बिचारीला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मागणीपत्रक आलं नसतं तर शिक्केबाई आजारीच पडल्या असत्या. झालं असं की खाणींकडून जो कर गोळा होत होता, त्याचा एक वाटा राजधानीत एका निधीत जमा होऊ लागला होता. खाणीमुळे ज्या भागाची वाट लागली त्या भागात रस्ते, पूल, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बांधायला हा निधी. प्रत्येक गावाला एक मागणीपत्रक, एका पत्रकात एक काम. अध्यक्षसाहेबांनी ते पत्रक शिक्केबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्याशिवाय हे कुणाच्या हातात देणार?" हे ऐकून बाई फुलल्या. तिथेच घात झाला.

पत्रक भरायला शेजारी बसले पालिकेचे अभियंते. उंच, सडपातळ, केस पिकलेले, आणि बोलणं असं सरळ की त्यांना सगळे ओळंबा म्हणायचे. खोटं बोलायचं त्यांना जमत नसे, आणि न विचारलेलं खरं सांगायची मात्र सवय होती.

पहिला रकाना, कामाचे नाव. बाईंनी सुंदर अक्षरात लिहिलं, "पूल (नवीन)".

"ओढ्यावरचा पूल असं लिहा," ओळंबा म्हणाले.

"रकाना केवढा, तुमचं वाक्य केवढं. आणि पूल काय डोंगराच्या टोकावर बांधतात? वाचणाऱ्याला अक्कल असते."

लांबी? पंचवीस मीटर. रुंदी? बारा. मग आला रकाना, खोली. पत्रक सगळ्या कामांना एकच होतं, विहिरीला तेच आणि शाळेलाही तेच. ओळंबा म्हणाले, "पुलाला खोली नसते." बाई म्हणाल्या, "रकाना रिकामा सोडला की कागद परत येतो, मला शिकवू नका," आणि ओढ्याची खोली लिहिली, दोन मीटर. जागेवर पाणी उपलब्ध आहे काय? बारमाही, भरपूर. लाभ कोणास होईल? आबालवृद्धांस. वापराची वेळ? मुख्यतः सकाळी व संध्याकाळी. सध्या काय सोय आहे? इथे बाईंना भरून आलं आणि त्यांनी जीव ओतून लिहिलं, "काहीही सोय नाही. नागरिक जीव धोक्यात घालून ओढ्यात उतरतात."

मग त्यांनी पत्रक तीनदा वाचलं. एकही चूक नव्हती. शिक्का मारताना त्यांच्या मनात ताईच्या माळ्यावरची ट्रंक होती, मुलाकडे जायचं झालं तर ती आधी खाली उतरली असती.

अडीच महिन्यांनी मंजुरीचं पाकीट आलं. जाडजूड, लाल सील. अध्यक्षांना निवडणूक जवळ आलेली दिसत होती, म्हणून त्यांनी ते फोडलं नाही. संध्याकाळी ओढ्याच्या काठावर लोकांसमोर फोडायचं ठरलं. टेबल मांडलं, लाउडस्पीकरचे दोन कर्णे लावले, एक अलीकडच्या लोकांकडे आणि एक पलीकडे. पलीकडच्या काठावर वस्ती गोळा झाली. ताई पुढे खुर्ची टाकून बसली होती. शिक्केबाई अध्यक्षांच्या उजव्या हाताला, नवे कपडे घालून.

"आपल्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून," अध्यक्ष वाचू लागले, "आपल्या नागरिकांची पाण्यात उतरण्याची तीव्र गरज लक्षात घेऊन," इथे ते जरा अडखळले, पण धावत्या गाडीला ब्रेक लागेना, "खेळ व करमणूक या सदराखाली एक स्विमिंग पूल, लांबी पंचवीस मीटर, रुंदी बारा मीटर, खोली दोन मीटर, मंजूर करण्यात येत आहे."

मग मागून टायरवाला शिंपी म्हणाला, "म्हणजे पोहत जायचं होय पलीकडे?" आणि जे हसू फुटलं ते दोन्ही काठांवर फुटलं. लोक पोट धरून हसले. हसणाऱ्यांचाच पूल गेला होता, हेही ते विसरले. एकोणतीस वर्षं ज्यांचे अर्ज बाईंनी परत पाठवले होते ते सगळे त्या दिवशी भरपाई करून घेत होते. शिक्केबाई ताठ उभ्या होत्या. त्यांना समोर पाहवेना, कारण समोर ताई होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खणाची किल्ली अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. अध्यक्ष तसे वाईट माणूस नव्हते. किल्ली परत सरकवत म्हणाले, "बाई, तुम्ही गेलात तर मला कागद वाचून दाखवणार कोण? आधी दुरुस्तीचं पत्र लिहा." बाईंनी लिहिलं. उत्तर आठवड्यात आलं, दोन ओळींचं. मंजूर काम बदलता येणार नाही. काम न केल्यास वर्षअखेरीस निधी परत घेतला जाईल. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

गावाने तर उच्छाद मांडला. बाजारात भाजीवाली म्हणायची, "तलावबाई, पोहायच्या शिकवणीचं नाव कुणाकडे द्यायचं?" वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने दारात तोंडभर हसून विचारलं, की पोहायच्या पोशाखालाही निधी मिळतो का. बाईंनी आठ दिवस ओढ्यावर जाणं टाळलं. नवव्या दिवशी ताईने निरोप धाडला, साडेपाचला ये, नाहीतर मी ओढ्यात उडी टाकते. तेव्हा गेल्या.

"रडतेस काय?" ताई पलीकडून ओरडली.

"नाही."

"मला इथून दिसतंय. डोळे पुसायला मी यायची नाही, अकरा किलोमीटर आहेत. ते पत्र सगळं वाचलंस का?"

शिक्केबाईंना आठवलं, आणि त्या जागच्या जागी लाजल्या. मंजुरीचं पहिलं पान गावासमोर वाचलं गेलं होतं. त्यामागे अटी-शर्तींची चौदा पानं होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक सरकारी कागद अर्धवट वाचून ठेवून दिला होता. लाजच तशी होती, हात लावावासा वाटला नव्हता.

"एवढं एकच तर येतं तुला," ताई ओरडली. "जा, वाच जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे डबे उघडून बसले असताना, शिक्केबाई चौदा पानं घेऊन बसल्या. पहिल्या अटीपासून. तलावातल्या पाण्यात औषध किती टाकावं, कपडे बदलायच्या खोल्यांना कड्या कशा असाव्यात, सगळं वाचलं. आणि दहाव्या पानावर अट क्रमांक एकोणीस लागली. मंजूर कामाच्या जागेपर्यंत सर्व नागरिकांना पायी व वाहनाने पोहोचता येईल असा पक्का रस्ता नसल्यास, तो रस्ता, त्यावरील मोऱ्या, पूल व इतर बांधकामांसह प्रथम पूर्ण करावा. त्याचा खर्च मूळ मंजुरीत न धरता निधीतून स्वतंत्रपणे दिला जाईल.

बाईंनी ती अट चार वेळा वाचली. मग उठून ओळंब्यांच्या टेबलापाशी गेल्या. "पलीकडचं खेळाचं मैदान कुणाच्या नावावर आहे?"

"पालिकेच्या," ओळंबा घास गिळत म्हणाले.

"तिथे पंचवीस बाय बाराचा तलाव बसेल?"

"दोन बसतील."

"आणि खाणीचा कच्चा रस्ता सोडला तर तिथे जायला पक्का रस्ता आहे?"

ओळंब्यांनी डब्याचं झाकण लावलं. सरळ माणसाला वाकडी गोष्ट कळायला वेळ लागतो, पण कळल्यावर ते असे हसले की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने त्यांच्या पाठीवर थाप मारून पाणी दिलं.

अध्यक्षांना सांगितलं तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले. "म्हणजे बाई, पूल मागितला तर तलाव मिळाला, आणि आता तलाव घेतला की पूल मिळणार?" बाई म्हणाल्या, "कागदाप्रमाणे, हो." ठराव झाला. तलावाची जागा, पलीकडचं मैदान. एकालाही विरोध करायचं कारण सापडलं नाही, हे पालिकेत प्रथमच घडलं.

जागा पाहायला निधी कार्यालयातून एक बाई येणार असं कळलं. अध्यक्षांनी सगळ्यांना पढवून ठेवलं. अलीकडे जागाच नाही, असं एकमुखाने म्हणायचं. ओळंब्यांना त्यांनी तोंड बंद ठेवायला बजावलं. शिक्केबाईंना हे पटलं नव्हतं, पण ताईने ट्रंक माळ्यावरून खाली काढली आहे असं त्यांनी ऐकलं होतं, आणि त्या गप्प राहिल्या. याची त्यांना स्वतःचीच शरम वाटत होती.

निधीच्या बाई आल्या. चाळिशीच्या, हातात फाइल, पायात धुळीने माखलेले बूट, बोलायला मोजक्या. गाडीत ड्रायव्हर, त्या, शिक्केबाई आणि ओळंबा, मागची उरलेली जागा नकाशांच्या गुंडाळ्यांनी भरलेली. अध्यक्ष अलीकडेच राहिले. खाणीच्या रस्त्यावर त्या दिवशी एक ट्रक आडवा झाला होता. अकरा किलोमीटरला दोन तास दहा मिनिटं लागली. निधीच्या बाईंनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि दोनदा काच वर घेतली.

मैदान पाहून झाल्यावर ताईने त्यांना घरात बोलावलं. मैदानाला लागूनच घर. ओटीवर खुर्च्या, चहा, बिस्किटं. तेवढ्यात आवाज आला, "पोचलात का सगळे?" निधीच्या बाईंनी वर पाहिलं. समोर, ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर अध्यक्ष हात हलवत होते. त्यांच्या मागे कचेरी, जिच्या पायरीवरून दोन तासांपूर्वी त्या गाडीत बसल्या होत्या.

"ती तुमची कचेरी?"

"हो," ताई म्हणाली. "तुम्ही साखर घेता ना?"

निधीच्या बाईंनी चहा खाली ठेवला आणि ओळंब्यांकडे वळल्या. "कचेरीसमोरचं पटांगण केवढं आहे?"

ओळंब्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा चहाकडे. "चाळीस बाय तीस मीटर."

"मग तलाव तिथे बसतो."

"बसतो," ओळंबा म्हणाले. आणि सवयीप्रमाणे वर पुस्तीही जोडली, "उतारही नाही."

झालं. शिक्केबाईंना वाटलं, संपलं सगळं. पण खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकंही वाटलं. एकोणतीस वर्षं ज्या दुसऱ्यांच्या कागदातला खोटेपणा नखाने खरवडून काढत आल्या, त्यांना स्वतःचा पचत नव्हता. त्या उठून उभ्या राहिल्या.

"त्यांना विचारू नका, मी सांगते. आम्हाला तलाव नको होता. पूल हवा होता, हा इथे, ओढ्यावर. पत्रकात मी फक्त पूल लिहिलं. ओळंबे, म्हणजे आमचे अभियंता साहेब, सांगत होते की ओढ्यावरचा लिहा. मी ऐकलं नाही, मला वाटलं माझं कधी चुकतच नाही. तुमच्याकडे त्याचा तलाव झाला. मग अट एकोणीस मला सापडली, म्हणून जागा इथे धरली. तुम्हाला हे फसवणं वाटत असेल तर दोष माझा, गावाचा नाही."

निधीच्या बाईंनी फाइलमधून ते जुनं मागणीपत्रक काढलं आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. लांबी, रुंदी, खोली. पाणी बारमाही, भरपूर. आबालवृद्धांस. "नागरिक जीव धोक्यात घालून" इथे आल्यावर त्यांचा ओठ हलला, मग खांदे हलले, आणि मग त्या मोजक्या बोलणाऱ्या बाई रुमालात तोंड घालून हसायला लागल्या. त्यांना थांबताच येईना. ताईने पाणी आणून दिलं.

"हे सदर मीच टाकलं होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खेळ व करमणूक. त्या आठवड्यात दोन हजार पत्रकं आली होती. खाणींचा पैसा नुसता येऊन पडत होता आणि वाटायला आम्ही चार माणसं. तुमचं वाचून मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, एका तरी गावाला निवांत पोहावंसं वाटतंय."

"मग आता?" शिक्केबाईंनी विचारलं.

"चूक दुरुस्त करायचा अधिकार मला नाही. अट एकोणीस लागू करायचा आहे. आणि आमचीच ही अट मला माहीत नव्हती, हेही तितकंच खरं. आमच्यात ती चौदा पानं कुणी वाचत नाही." त्यांनी पेन काढलं. "फक्त एक. तलाव खरोखर बांधायचा. नुसता पूल बांधून हात वर करायचे नाहीत. मी येऊन पाहणार आहे, आणि पोहणारही आहे."

त्यांनी सही केली. पलीकडून अध्यक्ष ओरडत होते, "काय झालं?" आणि कुणीच त्यांना उत्तर देत नव्हतं.

पूल व्हायला चौदा महिने लागले. वर्षअखेर आली आणि गेली. तेव्हा खांब पाण्यावर डोकं काढत होते, त्यामुळे ताई काही बोलली नाही आणि शिक्केबाईंनीही विचारलं नाही. विचारलं तर आठवण होईल, अशी त्यांना भीती. रोज साडेपाचला काठावर येऊन त्या आज किती काम झालं ते ओरडून सांगायच्या, जणू ताईला समोर दिसतच नव्हतं. तलावाचा खड्डाही मैदानात खणला जात होता. भाजीवालीने सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं.

ज्या दिवशी पूल खुला झाला, त्या दिवशी भाषणं सकाळीच उरकली. शिक्केबाईंनी दिवसभर काम केलं, साडेपाचला खण बंद केला आणि नेहमीसारख्या निघाल्या. पुलावर अर्धं गाव फिरायला आलं होतं. त्या कुणाशी न बोलता चालत राहिल्या. पलीकडे उतरल्या आणि ताईच्या ओटीवर नेहमीच्या खुर्चीत बसल्या. ताईने चहा आणला. किती महिन्यांनी दोघी एकमेकींशी न ओरडता बोलणार होत्या, म्हणून सुरुवातीला दोघींना आवाजच सापडेना.

"आता त्या जागावाल्याला नाही म्हणून कळव," शिक्केबाई म्हणाल्या. "लेखी कळव. मी मजकूर सांगते."

"त्याला केव्हाच सांगितलं."

"केव्हा? सही झाली तेव्हा?"

"त्याच्या किती आधी. तो लाउडस्पीकर लावला होतात ना तुम्ही, त्या संध्याकाळी. सगळं गाव तुला हसत होतं. जागावाला कागद घेऊन माझ्याच मागे उभा होता. तोही हसला. म्हणाला, आजी, तुमच्या बहिणीने भारीच काम केलं, आता करून टाका सही. मी म्हटलं, बाबा, निघ इथून." ताईने बशीत चहा ओतला. "मी गेले असते तर तुझ्या बाजूने भांडायला या गावात होतं कोण?"

शिक्केबाईंनी विचारलं, "आणि ट्रंक?"

"गाद्यांच्या खोळी होत्या त्यात."

"मग मला सांगायचं नाहीस? दीड वर्ष माझ्या जिवाला घोर. रात्र रात्र झोप नाही मला."

"सांगितलं असतं, तर तू ती चौदा पानं वाचली असतीस?"

शिक्केबाई तोंड उघडून काही म्हणणार होत्या. वाचलीच असती, हे म्हणायचं होतं त्यांना, आणि ते कदाचित खरंही होतं. पण शब्दाऐवजी रडू आलं, मोठ्याने, लाज न धरता. पुलावरचे लोक थांबून बघायला लागले तरी त्यांना थांबवेना. तू राहिलीस, तू राहिलीस, एवढंच त्या म्हणत होत्या. ताईने त्यांची बशी त्यांच्या हातातून काढून खाली ठेवली, खुर्ची ओढून जवळ बसली, आणि या वेळी मधे अकरा किलोमीटर नव्हते, म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्यांचे डोळे पुसले.

मग चहात साखर कमी आहे असं शिक्केबाई म्हणाल्या, आणि दोघी भांडायला लागल्या.